कादंबरीचं कपाट कुणाला मिळतं?

आमच्या तालुक्याच्या वाचनालयात आनंद यादवांची ‘झोंबी’ कादंबऱ्यांच्या कपाटात आहे. माझ्या बहिणीच्या गावी तीच ‘झोंबी’ ‘चरित्रे व आत्मचरित्रे’ अशी पट्टी लावलेल्या कपाटात सापडली. दोन्ही ग्रंथपालांची मला चूक दिसत नाही. १९८७ साली आलेल्या या पुस्तकाला लोक ‘आत्मचरित्रात्मक कादंबरी’ म्हणत आले आहेत आणि दाखल नोंदवहीच्या रकान्यात शेवटी काहीतरी एकच लिहावं लागतं. भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ मात्र दोन्ही गावांत कादंबरीच आहे आणि दया पवारांचं ‘बलुतं’ दोन्ही गावांत आत्मचरित्रच. ही वाटणी मी कित्येक वर्षं पाहत होतो. तिच्यात थांबून विचार करण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलं नव्हतं.

वाटायला लागलं ते एका कार्यक्रमानंतर. वाचनालयाने एका लेखिकेला बोलावलं होतं. त्यांच्या कादंबरीतली निवेदिका लग्नाला बावीस वर्षं झाल्यावर घर सोडते. प्रश्नोत्तरं सुरू झाली आणि पहिलाच प्रश्न आला, “तुमच्या मिस्टरांनी वाचली का ही?” सगळे हसले. दुसरा प्रश्न, “मॅडम, यातलं खरं किती?” बाईंनी शांतपणे सांगितलं, की या निवेदिकेचा आवाज सापडायला मला चार वर्षं लागली, आधी सगळं ‘ती’ वापरून लिहिलं होतं, ते फाडून टाकलं आणि पुन्हा पहिल्यापासून ‘मी’ धरून लिहिलं. त्यावर कुणीही पुढे काही विचारलं नाही. तीनच महिन्यांपूर्वी त्याच खुर्चीवर एक कादंबरीकार बसले होते. त्यांच्या नायकाचं गाव, कॉलेज, नोकरी सगळं त्यांचं स्वतःचं होतं आणि ते त्यांनी मोकळेपणाने सांगितलंही. त्यांना विचारलं गेलं की बदलत्या खेड्याकडे तुम्ही कसं पाहता, कादंबरीची रचना अशी तुकड्यातुकड्यांची का केली. मिसेसनी वाचली का, हे कुणाच्या मनातही आलं नाही. लेखिकेच्या कार्यक्रमात हसणाऱ्यांत मीही होतो. घरी आल्यावर ते हसणं मला डाचत राहिलं.

आयुष्यातून कादंबरी काढण्याची रीत मराठीला जुनी आहे. विश्राम बेडेकर युरोपातून बोटीने परतले आणि १९३९ साली ‘रणांगण’ आली. तिच्यात युरोपातून मुंबईकडे निघालेली बोट आहे आणि जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू तरुणी हॅर्टा आहे. व्यंकटेश माडगूळकरांनी काही काळ खेड्यात मास्तरकी केली, ‘बनगरवाडी’चा निवेदक मास्तर आहे. गो. नी. दांडेकरांनी नर्मदा परिक्रमेतून कादंबरी लिहिली आणि तिला नाव दिलं ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’. ‘माझी’ म्हणायचं त्यांनी टाळलं. तेच भटकं आयुष्य पुढे त्यांनी उघड आपलं म्हणून ‘स्मरणगाथा’मध्ये लिहिलं आणि त्या पुस्तकाला १९७६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. एकच माणूस, एकच आयुष्य, दोन पुस्तकं. पहिलं काय आणि दुसरं काय हे ठरवायचा हक्क दांडेकरांना होता आणि तो कुणी काढून घेतला नाही.

माझी तक्रार हा हक्क सगळ्यांना सारखा मिळत नाही ही आहे. अनुभवातून आलेल्या पुस्तकांना आपण दोन मापं लावतो. काही लेखकांच्या बाबतीत आपण मानतो की अनुभव ही माती आणि पुस्तक हे मडकं. काहींच्या बाबतीत मात्र पुस्तक म्हणजेच माती, जशी खणली तशी समोर ठेवलेली. पहिल्यांकडे कल्पनाशक्ती आहे असं आपण धरून चालतो, दुसऱ्यांकडे नुसती स्मरणशक्ती. आणि कोण कुठल्या बाजूला बसणार, हे पुष्कळदा पुस्तक उघडायच्या आधीच, लेखकाच्या जातीवरून किंवा लेखक बाई आहे यावरून, ठरून गेलेलं असतं.

‘कोसला’च पाहा. ती १९६३ ची. नेमाडे तेव्हा पंचविशीत होते आणि कादंबरीचा नायक पांडुरंग सांगवीकर पुस्तक सुरू करतानाच आपण पंचवीस वर्षांचे आहोत असं सांगतो. लेखकाचं सांगवी हे गाव त्याच्या आडनावात आहे. खानदेशातलं शेतकऱ्याचं घर, पुण्यातलं कॉलेज, वसतिगृह, मेस. नेमाडे फर्ग्युसनला होते हे माहीत असलेल्याला यातलं काहीच परकं वाटत नाही. तरीही पुस्तकातली सगळ्यांत मोठी घटना लेखकाच्या वाट्याला आलेली नाही. पांडुरंग परीक्षेत आपटतो आणि पदवी न घेता गावी परत जातो. नेमाडे बीए झाले, एमए झाले आणि पुढे गावोगावच्या कॉलेजांत, विद्यापीठांत शिकवत राहिले. लेखकाने आपलं गाव, आपली भाषा, आपला संताप सगळं पांडुरंगला दिलं. आपली सुटका तेवढी दिली नाही. कादंबरी होते ती इथे. अर्पणपत्रिकेत ‘शंभरातील नव्व्याण्णवांस’ असं लिहिणाऱ्याला आपली हकिकत सांगायची नव्हती. जे परत जातात त्यांची सांगायची होती, आणि त्यासाठी आपलीच हकिकत अर्ध्यावर मोडावी लागली. हे मराठी समीक्षेने ओळखलं. त्या पुस्तकातल्या ‘वगैरे’ आणि ‘उदाहरणार्थ’वर, डायरीच्या पानांवर, निवेदनाच्या लयीवर किती लिहिलं गेलं आहे!

आता ‘बलुतं’. १९७८, ग्रंथाली प्रकाशन. या पुस्तकात दोन माणसं आहेत. दगडू मारुती पवार सांगतो आणि दया पवार ऐकतो. दोघे एकच आहेत हे पहिल्या पानापासून उघड आहे, पण पुस्तक त्यांना एक होऊ देत नाही. एक शिकला, नोकरीला लागला, ‘कोंडवाडा’चा कवी म्हणून ओळखला जाऊ लागला. दुसऱ्याने गावचा महारवाडा आणि मुंबईची कावाखाना ही वस्ती अंगावरून उतरवलेलीच नाही. सांगणाऱ्याला ऐकणाऱ्याचा संकोच वाटतो, ऐकणाऱ्याला सांगणाऱ्याची लाज. शिकलेल्या दलित माणसाच्या मनात जी फाळणी होते, ती ‘माझी फाळणी झाली’ असं न म्हणता पुस्तकाच्या रचनेतूनच दाखवून दिली आहे. हा लेखकाने केलेला निर्णय आहे. आयुष्यात दगडू आणि दया कधी समोरासमोर बसून बोलले नव्हते, त्यांना पवारांनी बसवलं.

पण ‘बलुतं’वरची परीक्षणं, परीक्षेसाठी लिहिलेली गाइडं, सभांमधली भाषणं आठवून पाहा. दाहक. अस्सल. जळजळीत. विदारक वास्तव. हे सगळे शब्द आगीचे आणि जखमेचे आहेत, त्यात हाताच्या कामाचा शब्द एकही नाही. ‘कोसला’ला शैली असते आणि ‘बलुतं’ला दाह असतो. दाह सोसायचा असतो, त्याची रचना कुणी तपासत नाही. दगडू आणि दया या जोडीवर लिहिणारे अभ्यासक आहेत, नाहीत असं नाही. मी बोलतो आहे ते आपल्या सर्वसाधारण वाचकाबद्दल, वर्गात शिकवणाऱ्याबद्दल आणि मलपृष्ठावरचा मजकूर लिहिणाऱ्याबद्दल.

आणखी एक जोडी बघण्यासारखी आहे. विभावरी शिरूरकरांची ‘बळी’ १९५० साली आली. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं, त्या जमातींसाठी तारांची कुंपणं घालून वसाहती उभारल्या. मालतीबाई बेडेकरांनी, म्हणजे विभावरींनी, सोलापूरच्या अशा वसाहतीत अधिकारी म्हणून काम केलं होतं आणि जे पाहिलं त्यातून कादंबरी लिहिली. १९८७ साली लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ आलं. त्याच कायद्याचा शिक्का ज्यांच्या कपाळी बसला त्यांतल्याच एका जमातीत जन्मलेल्या माणसाचं हे पुस्तक. एक कुंपणाच्या बाहेरून आत आलेल्या बाईंचा अनुभव, दुसरा त्या शिक्क्यासकट जन्मलेल्याचा. दोन्ही अनुभवच. बाहेरून पाहिलेल्याची कादंबरी झाली, आत जगलेल्याचं आत्मकथन. ‘उचल्या’ला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, म्हणजे मान मिळाला नाही असं म्हणता येणार नाही. पण मान कशाचा मिळाला? जगण्याचा की लिहिण्याचा? जगण्याबद्दल मिळालेल्या मानात दयेचा अंश शिरायला वेळ लागत नाही.

यावर माझ्या एका मित्राने, जो स्वतः दलित चळवळीत वाढला, मला चांगलंच अडवलं. तो म्हणाला, तू ज्याला अन्याय म्हणतोस ती आमच्या लोकांनी जाणून केलेली निवड आहे. ‘बलुतं’, ‘आठवणींचे पक्षी’, ‘उपरा’, ‘अक्करमाशी’ यांच्यावर ‘कादंबरी’ असं छापलं असतं तर वरच्या आळीतला वाचक चार पानं वाचून म्हणाला असता, ‘लेखकाने जरा जास्तच रंगवलंय’, आणि पुस्तक मिटून झोपला असता. ‘हे माझं आहे, हे घडलं आहे’ असं म्हटल्यामुळे त्याची पळवाट बंद झाली. ‘आत्मकथन’ हा शब्दही उगाच रुळला नाही. आत्मचरित्र माणूस उतारवयात, सगळं साधून झाल्यावर लिहितो. ‘उपरा’चे लक्ष्मण माने तेव्हा नुकते तिशी ओलांडलेले, ‘अक्करमाशी’चे शरणकुमार लिंबाळे तिशीच्याही आतले. त्यांचं काहीच साधून झालं नव्हतं. त्यांना साक्ष द्यायची होती.

त्याचं म्हणणं मला पटलं आणि अजूनही पटतं. त्या पिढीला ‘हे खरं आहे’ हे वाक्य कादंबरी या मानाच्या शब्दापेक्षा जास्त कामाचं होतं आणि ते वापरण्याचा त्यांना पुरा अधिकार होता. ‘बलुतं’ला कादंबरी म्हणा असा माझा आग्रह मुळीच नाही. पण साक्ष देणारा माणूससुद्धा काय आधी सांगायचं, काय मागून, कुठे थांबायचं, कुठला शब्द गावचा ठेवायचा, हे ठरवत असतो. ‘उपरा’तली कैकाड्यांची बोली कागदावर आपोआप उतरलेली नाही, वाचकाला अडखळू द्यायचं पण बाहेर फेकू द्यायचं नाही, असा तोल मान्यांनी एकेका ओळीत सांभाळला आहे. साक्ष खरी आहे हे एकदा मान्य केल्यावर साक्षीदाराचं कसब पाहायला आपल्याला कोण अडवतं? मित्राच्या लोकांनी आमच्या पळवाटा बंद केल्या. आम्ही ‘अनुभव किती भयंकर!’ असं म्हणून नवी पळवाट काढली. तिच्यातून आम्ही पुस्तकाजवळ न जाता पुस्तकाचं कौतुक करून परत येतो.

ज्यांच्याबद्दल अशी शंका येत नाही त्यांचं एक उदाहरण देतो. ‘श्यामची आई’ साने गुरुजींनी १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात लिहायला घेतली. पुस्तकात मात्र तुरुंग नाही. तिथे संध्याकाळची प्रार्थना होते, आश्रमातली मुलं भोवती जमतात आणि श्याम एकेका रात्री एकेक आठवण सांगतो. गुरुजींचं नाव पांडुरंग, त्या पांडुरंगाचा श्याम झाला, कोठडीचा आश्रम झाला, लिहिण्याचं सांगणं झालं. या बदलांमुळे आईच्या खरेपणाला कुठे धक्का लागला का? महाराष्ट्रातल्या तीन-चार पिढ्या त्या पुस्तकावर रडल्या आणि कुणीही ‘यातलं खरं किती’ म्हणून वही घेऊन बसलं नाही. सांगण्याची ती सोय आपण इतक्या सहज स्वीकारली की ती सोय आहे हेच विसरलो. गुरुजींना मिळालेला हा विश्वास इतरांनाही मिळावा, एवढंच मागणं आहे.

बायकांच्या बाबतीत या विश्वासाची उणीव वेगळ्या तऱ्हेने दिसते. १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ या कथासंग्रहावर ‘विभावरी शिरूरकर’ हे नाव आलं आणि वादळ उठलं. शिकलेल्या, मिळवत्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनात काय चालतं हे त्या कथांमध्ये होतं. पुस्तकात काय आहे यावर चर्चा झाली, पण त्याहून जास्त उत्साहाने शोध सुरू झाला तो ही बाई कोण याचा. जणू बाई सापडली की कथांचा उलगडा होणार होता! बाळूताई खरे (याच पुढे मालतीबाई बेडेकर झाल्या) नावाच्या, हिंगण्याच्या संस्थेत शिकवणाऱ्या तरुणीला टोपणनाव का घ्यावं लागलं, याचं उत्तर आमच्या सभागृहातल्या त्या हसण्यात होतं. नव्वद वर्षं उलटून गेली. बाईने ‘मी’ लिहिलं की ती कबुली, पुरुषाने ‘मी’ लिहिलं की ते निवेदन. दलित लेखकाला आपण निदान खरं बोलल्याचं श्रेय देतो, बाईकडून मात्र खरं वदवून घ्यायला बघतो. आणि जी बाई दलित आहे, तिच्या वाट्याला दोन्ही येतं.

एक प्रश्न मला टाळायचा नाही, कारण तो खरा आहे. आयुष्यातून लिहिताना आयुष्यात इतर माणसंही असतात. आई, बाप, नवरा, बायको, सोडून गेलेली मैत्रीण, कॉलेजातला सहकारी. त्यांनी कुणाकडे पुस्तकात यायचं आवतण मागितलेलं नसतं. लेखकाला छापखाना आहे, त्यांना तो नाही. माझ्या नात्यातल्या एका बाई अशाच एका कादंबरीत आल्या, नाव बदलून. गावात ज्यांना ओळखायचं त्यांनी ओळखलं. बाई मरेपर्यंत त्या पुस्तकाचं नाव कुणी त्यांच्यापुढे काढत नसे. पुस्तक चांगलं होतं, आजही मी ते चांगलंच म्हणेन. पण त्या बाईंचं गप्प होणं मी पाहिलेलं आहे आणि ‘साहित्यात सगळं माफ’ असं मला म्हणवत नाही.

मग मोजायचं कशाने? नाव बदललं का, गाव बदललं का, याने नक्कीच नाही. नाव बदलणं हे पुष्कळदा कोर्टापुरतं असतं. मी एकच गोष्ट पाहतो. लेखकाने ‘मी’ला किती सोडलं आहे? दुसऱ्यांची लक्तरं टांगणाऱ्या पुस्तकात ‘मी’ धुतल्या तांदळासारखा उभा असेल तर ते पुस्तक मला नको वाटतं, मग ते कितीही सुंदर लिहिलेलं असो. ‘बलुतं’मध्ये दगडू स्वतःला सोडत नाही. स्वतःचा भेकडपणा, बायकोवर घेतलेला संशय, शिकल्यावर आपल्याच माणसांची वाटलेली लाज, सगळं तो मांडतो. पुस्तक आल्यावर समाजातल्याच काही शिकलेल्या मंडळींना हे जुने उकिरडे उकरणं वाटलं होतं. पण उकिरड्यावर पहिला उभा राहिला तो स्वतः सांगणारा. पांडुरंग सांगवीकरही स्वतःला मोठा करत नाही. दोन कपाटांतली ही दोन पुस्तकं इथे शेजारी येऊन बसतात, आणि मला वाटतं त्यांनी खरं तर इथेच भेटायला हवं होतं.

‘झोंबी’तला बापही मला याच मापाने वाचावासा वाटतो. पोराला शाळेतून काढून मोटेवर जुंपणारा, मारणारा, स्वतः गावात हिंडणारा बाप. वाचताना त्याचा राग येतो. पण शाळेत जायला मिळावं म्हणून आनंदा आणि त्याची आई दोघं मिळून गावातल्या वजनदार दत्ताजीराव देसायांकडे जातात, आणि आपण येऊन गेलो हे दादाला, म्हणजे बापाला, कळू देऊ नका अशी गळ घालतात. मायलेकरांचं हे खोटं लेखकाने लपवलेलं नाही. बापाला न्याय मिळाला का, मला सांगता येत नाही. पण पोराने स्वतःला निर्मळ ठरवून बापाला उभं केलेलं नाही एवढं दिसतं.

हाच भाग हिंदीत ‘जूझ’ या नावाने एनसीईआरटीच्या बारावीच्या पुस्तकात गेला. आनंदाच्या गावी, कागलच्या शेतात घडलेलं दिल्लीचं, लखनौचं पोर परीक्षेसाठी वाचतं. त्यात पुढे सौंदलगेकर मास्तर येतात. मराठी शिकवणारे, कविता चालीवर म्हणून दाखवणारे, स्वतःही लिहिणारे. मास्तरांच्या दारावर मालतीचा वेल चढलेला होता आणि त्या वेलावर त्यांनी एक कविता केली होती. आनंदाने वेलही पाहिला होता आणि कविताही वाचली होती. तेव्हा त्याच्या लक्षात आलं की कवी आपल्यासारखीच हाडामांसाची माणसं असतात, आणि आपल्याही भोवतीच्या रानावर, पिकांवर, माणसांवर कविता करता येईल.

वेल आणि कविता यांत केवढं अंतर आहे हे त्या पोराला दिसलं होतं, म्हणून तर तो कामाला लागला. म्हशी राखताना कागद-पेन्सिल जवळ नसली की तो काटकीने म्हशीच्या पाठीवर ओळी रेघायचा, खडकावर खड्याने लिहायचा. पाठ झाल्या की पुसून टाकायचा. वहीवर उतरवून मास्तरांना दाखवायचा. मास्तर त्याला वृत्त, अलंकार, शब्दाची नेमकी जागा समजावत. वेल खरा आहे ना, असं त्यांनी त्याला एकदाही विचारलं नाही.